घरच्या गोठ्यातली मोटार

शेजारच्या पेण तालुक्यात हमरापूर, जोहे ही गणपतीच्या मूर्तींची गावे आहेत. तिथे जवळजवळ बारा महिने मूर्तिकाम चालते. पण तिथून बाहेर पडणारी प्रत्येक मूर्ती रंगून, नटूनथटून निघते असे मात्र नाही. पुष्कळशा मूर्ती कोऱ्या पांढऱ्या अंगानेच टेंपोत चढतात. लांबच्या गावचा एखादा कारागीर त्या विकत घेतो, आपल्या पडवीत बसून रंगवतो आणि शेवटी डोळ्यांची आखणी करतो. त्याच्या गावात ती मूर्ती त्याचीच म्हणून ओळखली जाते. यात कुणाला काही खोटे वाटत नाही. घडण एकाची, आखणी दुसऱ्याची.

मोटारीच्या बाबतीतही असे करता येते, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. परदेशांत मोटारीचे सुटे भाग खोक्यात घालून विकतात, आणि घेणारा ते घरी नेऊन जोडतो. अशा गाडीला तिकडे 'किट कार' म्हणतात. आज मी तिच्याविषयी बोलणार आहे; आणि आमच्या वरसे गावी, आमच्या घरामागच्या रिकाम्या गोठ्यात दोन वर्षे चाललेल्या तशाच एका उद्योगाविषयीही. पहिल्यानेच सांगून टाकतो, की मी कॉलेजात इतिहास शिकवतो. सायकलची उतरलेली चेन चढवणे, एवढीच माझी यंत्रविद्या होती. तेव्हा श्रोत्यांत कुणी मेकॅनिक असतील, तर त्यांनी हसावे. पण मोठ्याने हसू नये.

सुटे भाग जोडून मोटार उभी करणे ही आपल्याकडेही काही अपूर्वाई नव्हे. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना काढला, तो याच कामासाठी. भाग बोटीने खोक्यांतून येत, आणि इथले कामगार त्यांची मोटार करीत. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९४७ मध्ये गाड्या काढायला सुरुवात केली, तीही परदेशी भाग जोडूनच. एकेक भाग इथे ओतण्याचे, घडवण्याचे काम मागाहून आले. म्हणजे इतिहासाच्या क्रमाने पाहिले तर आपण आधी जोडायला शिकलो आणि मग घडवायला. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. तो नवशिक्याच्या उपयोगाचा आहे.

इंग्लंडातली गोष्ट याहून मौजेची आहे. तिथे कॉलिन चॅपमन नावाच्या तरुणाने १९४८ साली आपली पहिली गाडी तयार केली, ती एका जुन्या ऑस्टिन गाडीवर आणि भावी सासऱ्यांच्या घरामागच्या गॅरेजात. हाच पुढे लोटस कंपनीचा संस्थापक झाला. १९५७ मध्ये त्याने 'लोटस सेव्हन' नावाची अगदी सडी गाडी काढली. दारे नाहीत म्हटले तरी चालेल, सामान ठेवायला जागा नाही, नुसते हाडाडी शरीर. त्या वेळी तिकडे तयार मोटारीवर जबर खरेदीकर होता. सुट्या भागांवर मात्र तो लागत नसे. तेव्हा लोक खोके घेऊन जात आणि घरी गाडी जोडीत. सरकारही काही दुधखुळे नव्हते. त्याने नियम केला, की खोक्यासोबत गाडी कशी जोडावी याच्या सूचना देता कामा नयेत. सूचना दिल्या तर ती तयार गाडीच समजली जाईल. आता आली का पंचाईत? पण गाडी कशी सोडवावी याच्या सूचना द्यायला नियमाची काही आडकाठी नव्हती. झाले! खोक्यातून गाडी सोडवण्याची माहिती जाऊ लागली, आणि घेणारा ती शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीकडे वाचीत गाडी जोडू लागला. १९७३ साली करांची पद्धत बदलली आणि ही गंमत संपली.

वर्गात ही हकीकत मी सवलत आणि पळवाट यांचे उदाहरण म्हणून सांगत असे. मुले हसत, मीही हसे. या उलट्या वाचनात एक खरोखरीचा धडा आहे, हे मला गोठ्यात गेल्यावर समजले.

आमचा उद्योग सुरू झाला तो एका बातमीमुळे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव म्हणून शिक्षकमंडळींना ते माहीत असेल. त्या गावच्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर जुन्या भंगारातल्या भागांची एक छोटी चारचाकी केली. खर्च साठ हजारांच्या आतबाहेर. मोटारसायकलसारखी पायाने किक मारून ती सुरू होते. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत सगळीकडे फिरली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ती पाहिली, आणि २०२२ च्या जानेवारीत त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो दिली. आमच्याकडे शिकायला राहिलेला माझा भाचा तेव्हा नववीत होता. त्याने मोबाइल माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाला, "मामा, यांना जमलं. मग आपल्याला का नाही जमणार?"

मी म्हटलं, "अरे, ते लोहार आहेत. मी इतिहास शिकवतो."

तो म्हणाला, "मग शिकू की."

बातम्यांतून त्या वेळी एक सूर सारखा कानावर येत होता, की पाहा, फारसे शिक्षण नसलेल्या माणसाने केवढा चमत्कार केला! हा सूर मला पटला नाही, आजही पटत नाही. ज्याचा हात वर्षानुवर्षे लोखंडावर फिरला, तापल्या लोखंडाचा रंग पाहून ज्याला ते केव्हा वाकेल हे कळते, त्याला अशिक्षित कोण म्हणेल? त्याची शाळा ऐरणीपाशी भरत होती, एवढेच. अशिक्षित म्हणायचेच तर मी होतो. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांचेही तसेच. १९४९ साली त्यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी पहिली दोन आसनी गाडी उभी केली, आणि पुढे वर्षानुवर्षे एकामागून एक नमुने सुधारीत नेले. 'मीरा' हे त्या गाडीचे नाव. इंजिन मागे, आणि धक्के खाण्यासाठी पोलादी पाट्यांऐवजी रबर. बारा हजारांत गाडी देऊ असे ते १९७० नंतरच्या काळात सांगत होते. तिचा कारखाना काही उभा राहिला नाही. पण पदवीवाचून, चुका सुधारीत, एका माणसाने किती दूर जावे याचे ते आपल्या मराठी मुलखातले उदाहरण आहे. आणि ते शाळेच्या पुस्तकात का नाही, असा प्रश्न मला पडतो. असो.

आम्हाला काही कारखाना काढायचा नव्हता. एक जोडलेली वस्तू हवी होती. आपल्याकडे बाजारात मोटारीचे तयार खोके मिळत नाही. तेव्हा आम्ही भंगारातून एक जुनी तीनचाकी रिक्षा घेतली, आणि एका मोडीत निघालेल्या छोट्या मोटारीची पुढची दोन चाके, त्यांचे ब्रेक आणि स्टिअरिंग घेतले. इथे एक सूचना करतो. असे काही घेताना त्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद जरूर मागावा. स्वस्त मिळाले म्हणून घेतले आणि चोरीचे निघाले, तर हौस पोलीस चौकीत फेडावी लागते.

मग सुरू झाले सोडवणे. आमच्या शेजारी एक काका राहतात. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून त्यांची हयात गेली. त्यांना आम्ही बोलावले तेव्हा त्यांनी हत्यारांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, करवंट्या आहेत का घरात?"

कोकणात करवंट्यांना काय तोटा! काकांनी पंचवीसतीस करवंट्या ओळीने मांडल्या. एका जागेचे नट, बोल्ट, वायसर एका करवंटीत. आत चिठ्ठी: कुठून काढले, कितवे काढले. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो. दहा-अकराचा पाना आणि बारा-तेराचा पाना यांतला फरक मी तेव्हा शिकलो. चुकीचा पाना लावला की बोल्टचे कोपरे झिजतात आणि मग तो कुणालाच दाद देत नाही, हेही शिकलो. गंजलेल्या नटाशी कुस्ती खेळायची नाही. त्यावर तेल सोडायचे आणि घरी जाऊन जेवायचे. सकाळी तो निमूट फिरतो.

दीड महिना आम्ही नुसते सोडवीत होतो. लोक येऊन विचारीत, "काय सर, गाडी कुठवर आली?" आणि गोठ्यात तर दर दिवशी गाडी कमी कमी होत चाललेली! पण लोटसवाल्यांचे ते उलटे वाचन मला तिथे उमगले. जो भाग तुम्ही स्वतः काढला, तो कशाला धरून होता, कशाने फिरत होता, हे हाताला कळते. पुस्तकातली आकृती पाहून ते कळत नाही. माझे नवशिक्या माणसाला सांगणे आहे, की पहिली गाडी जोडू नका, सोडवा. साधी सायकलची फ्रीव्हील असली तरी चालेल.

रिक्षाच्या पोटात एक वस्तू निघाली, तिने मला दोन दिवस झोपू दिले नाही. तिला डिफरन्शियल म्हणतात. बैलगाडीला ही भानगड नसते. तिची दोन्ही चाके कण्यावर आपापली मोकळी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. मोटारीत इंजिनाला चाकेच फिरवायची असतात, आणि वळणावर तर आतल्या चाकाला थोडे अंतर काटायचे असते, बाहेरच्याला जास्त. दोघांना एकाच दांड्याने जखडले, तर एकाला फरफटत जावे लागेल. मग जोर दोघांना मिळावा आणि वेग ज्याचा त्याला मोकळा राहावा, हे कसे करायचे? भाच्याला मी पालखीचे उदाहरण दिले. रोह्याच्या अरुंद गल्लीत धावीर महाराजांची पालखी वळते, तेव्हा आतल्या बाजूचे भोई जवळजवळ जागच्या जागी पावले टाकतात, बाहेरचे लांब ढांगा टाकतात, आणि खांद्यावरचा भार मात्र दोघांवरही असतो. त्या डब्यातली चार दातेरी चाके हेच करतात. काकांनी एक चाक हाताने धरून ठेवले, तर दुसरे दुप्पट फिरू लागले. भाचा म्हणाला, "मामा, हे एकदम भारी आहे." मलाही दुसरा शब्द सुचला नाही.

त्यानंतर सांगाडा. दीड इंची चौकोनी पाइप आणून गावातल्या वेल्डरकडून तो जोडून घ्यायचा असे ठरले. वेल्डिंग आपण करायचे नाही, हा शहाणपणा मला एका रात्रीत आला होता. काळी काच न धरता मी दोन मिनिटे ठिणगीकडे पाहिले, आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे पाणी गळत होते. सांगाडा काटकोनात आहे की नाही, हे पाहण्याची रीत गवंड्याची आहे. जोत्याचे दोन्ही कर्ण दोरीने मापायचे. सारखे भरले तर चौकट खरी. आठवी-नववीच्या भूमितीत आपण हे प्रमेय शिकवतो. गुरुजींनी मुलांना एकदा दोरी घेऊन अंगणात न्यावे. आमचे कर्ण जुळले. तरी सांगाडा सपाट शहाबादी फरशीवर ठेवला तेव्हा एक पाय वर! कारण शोधायला आम्हाला दिवस लागला, आणि ते माझ्या आईने एका वाक्यात सांगितले. ती म्हणाली, "अरे, गोठ्याची जमीन ती. गोमूत्र वाहून जावं म्हणून तुझ्या आजोबांनी ती उतरती केलेली आहे." जमीन पिळलेली, म्हणून तिच्यावर मांडलेला सांगाडाही पिळलेला. नशिबाने वेल्डरने नुसते टाके मारले होते. ते तोडले, आणि पुन्हा घातले.

आता मला सांगायचे आहे ते ब्रेकविषयी. बाकीच्या चुका हसण्यावारी गेल्या. ही गेली नाही.

२०२२ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सांगाड्याखाली चार चाके आली होती, स्टिअरिंग बसले होते, ब्रेकच्या नळ्या जोडून झाल्या होत्या. इंजिन अजून करवंट्यांतच होते. काका त्या आठवड्यात लेकीकडे पनवेलला गेले होते. मला वाटले, ब्रेकचे तेल भरण्यात काय विशेष? डबी आणली, वरच्या टाकीत ओतली, पायाने दोनचार वेळा पेडल दाबले. पेडल थोडे मऊ लागले. मी म्हटले, नवे आहे, मऊ असायचेच. आमच्या घरामागून विहिरीकडे जमीन उतरत जाते. भाचा सीटवर बसला, मी मागून ढकलले. गाडी चालली! तो ओरडत होता, मी ओरडत होतो. मी म्हटलं, "आता ब्रेक दाब!" त्याने दाबला. पेडल थेट तळाला टेकले आणि गाडीने काही ऐकले नाही. ती केळीच्या बनातून आरपार जाऊन पलीकडच्या दगडी गडग्यावर आदळली. केळी आडव्या आल्या, म्हणून वेग मोडला. चारच पावलांवर विहीर होती. तिचा कठडा गुडघ्याएवढाच आहे.

पोराच्या भुवईवर चार टाके पडले. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, दुसऱ्या दिवशी आली. ती ओरडली असती तर मला बरे वाटले असते. ती विहिरीपर्यंत चालत गेली, पडलेल्या केळी पाहिल्या आणि मला म्हणाली, "दादा, तू त्याला सायकल शिकवलीस तेव्हा मागून धरली होतीस ना? या वेळी ढकललीस." यावर मी काय बोलणार?

काका आले. त्यांनी मला काही दूषण दिले नाही. फक्त विचारले, "ब्रेकचं तेल कोणी भरलं?"

"मी."

"आणि हवा कोणी काढली?"

"हवा?"

काका म्हणाले, "हां. तिथंच."

श्रोतेहो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. मोटारीचा ब्रेक दोरीने ओढत नाहीत. तो तेलाने ढकलतात. पेडल दाबले की नळीतले तेल पुढे सरकू पाहते, आणि चाकाजवळचे ब्रेक घट्ट होतात. तेल दाबून आक्रसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. पण नळीत हवा राहिली असेल, तर पायाचा जोर त्या हवेलाच दाबण्यात खर्च होतो. पाय तळाला जातो आणि चाकाला पत्ताही नसतो. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून दाखवावा. सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या घ्याव्यात, डॉक्टरकडे इंजेक्शनच्या असतात तशा. दोघींच्या मध्ये बारीक नळी जोडावी आणि त्यांत पाणी भरावे. एकीचा दट्ट्या दाबला, की दुसरीचा तितकाच वर येतो. मग नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडावा आणि दुसऱ्या दट्ट्यावर मुलाला अंगठा रोवायला सांगावे. पहिला दट्ट्या मऊ लागेल, बराच आत जाईल, आणि अंगठ्याला मात्र फारसे काही जाणवणार नाही. तेच ते मऊ पेडल. मी ते नवेपणाचे लक्षण समजलो होतो. ते धोक्याचे लक्षण होते.

बहिणीने मुलाला गावी नेले नाही. पण तिने अट घातली. यापुढे गाडीचे काही हलायचे असेल, तर ब्रेकवर पाय तिचा. ती दर रविवारी नागोठण्याहून येऊ लागली. हवा काढण्याचे काम एकट्याने होत नाही. एकाने पेडलवर बसावे, दुसऱ्याने चाकाशी. पेडलवाल्याने दोनतीन वेळा दाबून पेडल धरून ठेवायचे आणि "धरलं" म्हणायचे. मग चाकाजवळची छोटी निपल सैल करायची. तेलाबरोबर बुडबुडे फसफसत बाहेर येतात. निपल घट्ट करून "सोड" म्हणायचे, तेव्हाच पाय उचलायचा. आधी पाय उचलला, तर गेलेली हवा परत आत येते. वरच्या टाकीतले तेल संपू द्यायचे नाही, ते संपले तर सगळा खटाटोप पहिल्यापासून. चारही चाकांना आम्हाला संपूर्ण दुपार लागली. बहीण सीटवर, पदर खोचलेला. मुलगा चाकाशी पालथा, भुवईवर पट्टी. "धरलं." "सोड." "धरलं." "सोड." मी बाटलीतून तेल ओतीत होतो. शेवटी ती म्हणाली, "दादा, आता पेडल दगडासारखं लागतंय." काकांनी खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट फिरवले, कोरडे निघाले, आणि मगच इंजिनाच्या करवंट्या उघडायला परवानगी दिली.

पुढे मला कळले, की इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी 'बाहा' नावाची स्पर्धा असते. आपल्याकडे ती २००७ साली इंदूरजवळच्या पिथमपुरात सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे कितीतरी संघ स्वतः गाडी बांधून तिथे नेतात. त्यांना धावण्याची परवानगी मिळण्याआधी एक परीक्षा असते. गाडी पळवायची आणि ब्रेक दाबायचा. चारही चाके एकदम थांबली पाहिजेत. एक चाक जरी फिरत राहिले तरी गाडी बाहेर. ही परीक्षा किती जणांना पुन्हापुन्हा द्यावी लागते ते ऐकून मला आधार वाटला. पण मी विहिरीच्या बाजूला परीक्षा घेतली होती, हे काही त्याने पुसले जात नाही.

इंजिन बसायला आणखी एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. त्यात सांगण्यासारखे थोडे आहे. कोकणातली दमट हवा लोखंडाला चार दिवसांत लाल करते, म्हणून जोडण्यापूर्वी रंग द्यावा. वायरींना वेगवेगळे रंग असावेत, उंदरांना त्या आवडतात हे लक्षात ठेवावे. आणि करवंट्या पालथ्या झाल्या तर घरातल्या मांजराला मारू नये. शेवटी तीन वायसर उरलेच. ते कुठले, हे काकांनाही सांगता आले नाही. त्यांनी ते खिशात टाकले आणि दोन दिवस सगळी गाडी पुन्हा तपासली. एक वायसर मागच्या डाव्या चाकाचा निघाला. उरलेले दोन रिक्षात मुळातच कुणी जास्तीचे घातले होते, असा निकाल झाला.

२०२४ च्या एप्रिलात आमची गाडी पहिल्याने स्वतःच्या बळावर अंगणात फिरली. विहिरीचा कठडा त्यापूर्वी आम्ही छातीएवढा बांधून घेतला होता. पहिल्या फेरीला सीटवर बहीण होती. तुळशीपासून फाटकापर्यंत ती गाडी घेऊन गेली, थांबली, मागे वळून आमच्याकडे पाहिले, पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. असे तिने सातआठ वेळा केले. जितकी चालवली त्याहून जास्त तिने ती थांबवली. मग उतरून मुलाला म्हणाली, "बस आता."

फाटकाबाहेर आम्ही ती नेत नाही. कुणी विचारतो, "सर, बाजारात आणा की एकदा." आणता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणे नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. नव्या नमुन्याची नोंदणी व्हायची, तर १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या १२६ व्या नियमाप्रमाणे तो नमुना मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यात टेकडीवर ए.आर.ए.आय. ही संस्था आहे, ती अशांपैकी एक. जुन्या रिक्षाचे कागद नव्या सांगाड्याला लावणे हाही गुन्हाच. ५२ वे कलम तशी अदलाबदल करू देत नाही. देवराष्ट्र्याच्या गाडीबद्दलही आनंद महिंद्रांनी तेव्हाच लिहिले होते, की ती नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या अधिकारी तिला थांबवतील. इंग्लंडात घरी जोडलेल्या एकेका गाडीची सरकारी तपासणी होते, आणि उतरली तर तिला नंबर मिळतो. आपल्याकडची तपासणी मुळात कारखानदारासाठी आखलेली आहे. गोठ्यात एक गाडी जोडणाऱ्याला ती झेपणारी नाही. तशी एखादी अरुंद वाट आपल्याकडेही असावी, असे मला वाटते. पण ती नसताना मी रस्त्यावर जाणार नाही. रस्त्यावरून शाळेची मुले जातात, आणि मऊ पेडल काय करते ते मी पाहिले आहे.

भाच्याने दहावीनंतर कॉमर्स घेतले. लोकांना वाटले होते तो इंजिनियर होणार. मलाही थोडे वाटले होते. तो म्हणतो, गाडी जोडून झाली, आता हिशोब शिकतो. सगळ्या उद्योगाचा जमाखर्च त्याच्याच वहीत आहे. त्यात सर्वांत मोठी रक्कम 'चुका' या नावाखाली आहे, आणि त्याखाली कंसात 'मामा' असे लिहिले आहे.

गाडी गोठ्यात असते. पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिक घालतो. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते, आणि आमच्या इथल्या हवेत पाणी काही थोडे नाही. म्हणून ते ठरावीक दिवसांनी बदलावे लागते. काकांनी त्यासाठी खंडेनवमीचा मुहूर्त धरला आहे. त्या दिवशी पाने, हातोडी, पक्कड धुऊन पुसून पाटावर मांडतात, झेंडूची फुले वाहतात, आणि पूजा झाल्यावर त्याच पान्यांनी निपल सैल करतात. गेल्या खंडेनवमीला बारा-तेराचा पाना सापडत नव्हता. पूजा खोळंबली. तो शेवटी बहिणीच्या पिशवीत निघाला. नागोठण्याला तिच्या घरच्या पंपाचा नट तिने स्वतःच आवळला होता.